धुतलेली चाकं

"हात नको."

हे चाचांचं वाक्य. हातातले लाकडी ठोकळे जमिनीवर दाबून ते पाट थांबवायचे, एक तळवा छातीएवढा वर करायचे आणि समोरचा माणूस मदतीला वाकायच्या आत म्हणायचे, "हात नको." माणूस वाकलेला तसाच राहायचा. काही जण तेवढ्यात चपलेचा पट्टा नीट केल्याचं सोंग करायचे. मी स्वतः एकदा जमिनीवर नसलेलं नाणं उचलून खिशात घातलं आहे.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. मांड्यांपासून खाली पाय नसलेला, बसायच्या पाटाला चाकं ठोकून रस्त्याने जाणारा. आपण त्याला पाहतो आणि लगेच दुसरीकडे पाहतो, जणू तिकडे काहीतरी महत्त्वाचं चाललंय. चाचांच्या बाबतीत ती सोय नव्हती. कोणी नजर वळवली की ते ओरडायचे, "इकडे बघ ना! तिकडे काय शे?" आमच्या खानदेशी बोलीत शे म्हणजे आहे.

पायांबद्दल विचारलं तर म्हणायचे, "भुसावळला ठेवले." गाद्या शिवायला गावोगाव फिरायच्या वयात ते तिथल्या यार्डात मालगाडीखाली आले होते. त्याहून जास्त ते कधी बोलले नाहीत. मात्र गल्लीतलं कोणी भुसावळला निघालं की त्याला बजावायचे, "स्टेशनात विचारून बघ. असतील तर घेऊन ये." ऐकणारा हसावं की नाही या पेचात पडायचा, आणि चाचा त्याचा तो चेहरा अगदी चवीने पाहत बसायचे.

जळगावात आमचं बेरिंगचं दुकान आहे. आमचं म्हणजे वडिलांचं. त्यांना सगळे आबा शेठ म्हणायचे. ते गेल्यावर दुकान माझ्या अंगावर पडलं आणि मी दुकानाच्या. डाळमिलवाले येतात, जिनिंगवाले येतात, केळीवाले विहिरीवरची मोटार आवाज करते म्हणून तक्रार घेऊन येतात. दुकानाला एक उंच पायरी आहे आणि पायरीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, चाचांची पत्र्याची शेड. पिंजाऱ्याचं काम. आत कापूस पिंजायचं मोटारीवरचं यंत्र आणि बाहेर कडुनिंबाखाली गाद्या शिवायची जागा.

ते गादी शिवायचे ते पाहण्यासारखं होतं. खोळीत कापूस भरून झाला की गादी जमिनीवर पसरायची. मग चाचा पाटावरून गादीच्या कडेकडेने फिरायचे. दाभण आत, दाभण बाहेर, एका ठोकळ्याने जमिनीला हलकी ढकल, पुन्हा दाभण आत. पायांवर चालणारा पिंजारी वाकून, सरकून, कंबर धरून जे करतो ते चाचा घरंगळत करायचे. एक चक्कर पूर्ण झाली की गादीला सरळ रेघेसारखी कड यायची. मला ते नेहमी सांगायचे, "छोटे शेठ, तुले पाय शेत म्हणून तू वाकतो. मले वाकावंच लागत नाही."

छोटे शेठ म्हणजे मी. माझी पन्नाशी उलटली, केस गेले, पोट काउंटरच्या पुढे आलं, तरी आबा शेठांच्या पश्चात मी छोटाच राहिलो.

एकदा एका संस्थेने अपंगांना खुर्च्या वाटल्या. चाचांचंही नाव कोणीतरी दिलं होतं. ते पाटावरून मंडपापर्यंत गेले, पण खुर्ची मिळणार होती स्टेजवर, आणि फोटोसाठी घाई होती. दोन स्वयंसेवकांनी मागून काखेत हात घातले आणि त्यांना उचलून वर नेलं. "हात नको" म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही. टाळ्या वाजल्या.

दुपारी चाचा परत आले ते पायरीशी येऊन थांबले. मी खाली उतरून पायरीवर बसलो.

"मले उचललं," ते म्हणाले. "विचारलं नाही. अरे, हमालसुद्धा पोत्याले आधी हात लावून बघतो, मग उचलतो."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "चाचा, त्यांचा हेतू चांगला होता."

"हेतूले काय करू? तुले असं काखेत धरून बायकोसमोर उचललं तर?"

मी माझ्या वजनाचा विचार केला आणि उचलणाऱ्यांची दया आली, पण ते बोललो नाही. त्या दिवशी चाचा काम न करता बसून राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. ती खुर्ची पुढे शेडमध्ये राहिली. तिच्यावर कापसाचं पोतं बसायचं. गिऱ्हाइकाने विचारलं की चाचा सांगायचे, "ते आमचे मोठे साहेब शेत. त्यांले चालता येत नाही."

आता पाटाबद्दल सांगतो, कारण माझा आणि त्यांचा संबंध आला तो पाटामुळे.

पूर्वी त्यांच्या पाटाला नुसती बेरिंगंच चाकं म्हणून होती. जुनी, मोटारीतून काढलेली, आबांनी दिलेली. लोखंड डांबरावरून घासत यायचं. तो आवाज असा, की चाचा चौकात वळले की आमच्या घरातल्या माळ्यावर मांजर उठून बसायचं. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटायचं.

मग माझ्या मुलीला स्केटबोर्ड हवासा झाला. मोबाईलवर कुठल्यातरी मुली उड्या मारताना तिने पाहिल्या होत्या. मी मागवला. तिने जेमतेम एक उन्हाळा चालवला, मग तिचं मन दुसऱ्याच कशात तरी लागलं. बोर्ड जिन्याखाली गेला. एका रविवारी मला वाटलं, आपण बेरिंगवाले, आपल्याला हे जमायला हवं. मी अंगणात त्यावर उभा राहिलो. बोर्ड पुढे गेला आणि मी होतो तिथेच राहिलो, फक्त आडवा. बायको गॅलरीतून म्हणाली, "अहो, लागलं का?" आणि उत्तराची वाट न पाहता आत जाऊन हसली. ते मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत दुकानात आलो. चाचांनी पायरीखालून चौकशी केली. मी सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले, खोकले, पुन्हा हसले आणि म्हणाले, "आण ते. ज्याने तुले पाडलं त्याची ओळख करून दे."

बोर्ड त्यांनी उलटा करून मांडीवर घेतला. चाक बोटाने फिरवलं. ते मऊ, जाड चाक, त्याच्या पोटात दोन्ही बाजूंनी एकेक छोटं बेरिंग. रस्त्याला लागतं ते रबरासारखं चाक. लोखंड आत, सावलीत. चाचा बराच वेळ ते चाक फिरवत राहिले.

"बेरिंगले चपला घातल्यात," ते शेवटी म्हणाले.

मुलीने आनंदाने देऊन टाकला. चाचांनी फळी काढली आणि खालचा सांगाडा, ॲक्सल आणि चाकं आपल्या पाटाला बसवून घेतली. त्यानंतर गल्लीची एक पंचाईत झाली. चाचा आता आवाज न करता यायचे. मी दुपारी काउंटरवर डोकं टेकून डुलकी काढत असलो की अचानक पायरीखालून आवाज यायचा, "आबा शेठ झोपत नव्हते!"

तेव्हापासून बेरिंग निवडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. चाकं चार, प्रत्येकात दोन, म्हणजे आठ बेरिंगं. सगळी अंगठ्याएवढी. मी डबा घेऊन पायरीवर बसायचो. बसताना माझे गुडघे वाजायचे. "आधी याले तेल दे," असं गुडघ्यांकडे बोट दाखवून चाचा म्हणायचे आणि मग कामाला लागायचे.

एकेक बेरिंग करंगळीच्या टोकावर बसवायचं, कानाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने फिरवायचं. मी म्हणायचो, "चाचा, हे बघा, डब्यावर लिहिलंय, एकदम फास्ट. स्पर्धेतली मुलं हेच घेतात."

"मले कोणाशी स्पर्धा करायची? गादीशी?"

उघडं बेरिंग, ज्याच्या आतले छर्रे दिसतात, ते सगळ्यात मोकळं फिरतं. ते त्यांना फार आवडायचं. फिरवायचे, ऐकायचे, आणि परत डब्यात ठेवायचे. पत्र्याच्या झाकणाचं, तेही परत. घ्यायचे ते दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं. ते थोडं जड फिरतं. पण चाचांचा शत्रू ठरलेला होता, तो म्हणजे कापूस. कापसाचा बारीक तंतू ॲक्सलवर चढतो, गुंडाळला जातो, आणि पत्र्याच्या फटीतूनसुद्धा आत शिरून छर्ऱ्यांभोवती दोरीसारखा आवळून बसतो. चाक चालता चालता अडतं आणि पाट एका बाजूला ओढतो. "ज्याच्यावर पोट, तोच गळ्याशी," चाचा म्हणायचे. "बठ्ठं कापसाने दिलं, आन कापूसच चाक धरतो." बठ्ठं म्हणजे सगळं.

शुक्रवारी सकाळी नमाजाला जायच्या आधी ते कडुनिंबाखाली पाट उलटा करून बसायचे. चाकं काढायची. ॲक्सलवरचा कापसाचा वेढा ब्लेडने कापून सोडवायचा. मग गादीच्याच दाभणाच्या टोकाने बेरिंगची रबरी चकती कडेला हलकेच उचलायची. ती वाकू द्यायची नाही. बेरिंग स्टीलच्या झाकणात, माझ्या स्कूटरमधून काढलेल्या पेट्रोलमध्ये बुडवायचं. त्यासाठी मला विचारलं जायचं, पण काढून झाल्यावर. मग सुकवायचं, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब.

"एकच का, चाचा?"

"जास्त तेल दिलं की धूळ पाहुणी येते. मग जात नाही."

शेवटी नट. नट आवळून झाला की चाक हातात धरून हलवून पाहायचे. जरासं हललं पाहिजे. "सुनेसारखं असतं," मला सांगायचे. "फार आवळलं की रुसतं. ढिलं सोडलं की खडखडतं. जरासं हलू द्यायचं."

तेव्हा त्यांना सून नव्हती. मुलगा धुळ्याला यंत्रमागावर कामाला लागला होता आणि त्याचं लग्न व्हायचं होतं. चाचांची बायको मुलगा लहान असतानाच गेली होती.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या बायकोने पाहिली, मी नाही. ती एकदा रजई टाकायला शेडमध्ये गेली आणि परत येऊन म्हणाली, "अहो, तुमचे चाचा बेरिंगला रबर लावतात दोन्ही बाजूंनी. तोंडाला काहीच नाही."

खरंच नव्हतं. यंत्र चालू असलं की त्या पत्र्याच्या शेडमध्ये धुकं पडल्यासारखं व्हायचं. चाचा त्या धुक्यात तोंड उघडं ठेवून बसलेले असायचे, भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, पापण्यांवर कापूस. बाहेर आले की आधी खोकायचे, मग बोलायचे. आम्ही समजायचो, चाचा असेच आहेत. खोकला हा त्यांच्या बोलण्याचा भाग झाला होता.

बायकोने मऊ पंचा दिला, तोंडाला बांधायला. पुढच्या शुक्रवारी त्या पंचावर आठ बेरिंगं वाळत होती.

"चाचा, हे तोंडासाठी होतं."

"तोंड बांधलं तर गिऱ्हाइकाले शिव्या कोण देईल? तू देशील? तुले 'या, बसा' शिवाय येतं काय?"

मग खोकला लांबत गेला. एक टाका घालायचा आणि थांबायचं. गादीची एक चक्कर पूर्वी चहा येईपर्यंत व्हायची, ती आता चहा थंड झाला तरी होईना. तसंही काम कमी झालं होतं. लोक फोमच्या गाद्या घेत होते, दुकानातून गुंडाळून येणाऱ्या. चाचा त्यांना "पाव" म्हणायचे. "पावावर झोपतात साले." डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि शेड बंद करायला सांगितलं. चाचांनी फोटो मला दाखवला, उजेडाकडे धरून. "बघ. आतपण कापूस शे."

मुलाचं लग्न होऊन बराच काळ झाला होता. तो दर वेळी आला की म्हणायचा, "अब्बा, धुळ्याला चला." मुलगा चांगला होता. तक्रारीला जागा नव्हती. सूनही फोनवर आग्रह करायची. आणि चाचा दर वेळी एकच उत्तर द्यायचे, जे मुलगा गेल्यावर मला समजावून सांगायचे.

"तिसरा मजला, छोटे शेठ. लिफ्ट नाही. वर न्यायले चार माणसं लागतील. खाली यायले परत चार. आन ती चार माणसं कामावर जातात. म्हणजे एकदा वर गेलो की गेलो." हातातला ठोकळा जमिनीवर दाबत म्हणायचे, "मी इथंच बरा. जमीन शे तोवर मी कोणाचा नाही."

त्यांना मरणाची भीती वाटत होती असं मला वाटत नाही. भीती होती ती उचलून ठेवलं जाण्याची. एवढं एकच त्यांना सांभाळायचं होतं, आणि त्यासाठी ती आठ बेरिंगं, ते दाभण, तो तेलाचा थेंब.

एका दुपारी ते निंबाखाली पाटावरून एका बाजूला कलले. चाक अडलं असेल असं मला वाटलं. चाक चांगलं होतं.

दवाखान्यातून मुलाने त्यांना परस्पर धुळ्याला नेलं. गाडीत घालताना वॉर्डबॉयने आणि मुलाने त्यांना उचललं. मी बाजूला उभा होतो. मला वाटलं, आता हात वर होईल, आता ते म्हणतील. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. हात वर आला नाही. त्यांनी फक्त बोटाने माझ्याकडे, मग शेडच्या दिशेने दाखवलं. मी धावत, म्हणजे माझ्या परीने धावत, स्कूटरपर्यंत गेलो आणि शेडमधून पाट आणून त्यांच्या शेजारी ठेवला. त्यांनी त्यावर हात ठेवला. गाडी निघाली.

आधी मला वाटलं होतं, आता फक्त वाईटच बातमी येईल. पण चाचा बरे झाले, म्हणजे बसते झाले. एक दिवस फोन आला. आवाज दमलेला, पण सूर तोच. "छोटे शेठ, दुकान शे की विकलं?"

"आहे, चाचा."

"मग आठ घेऊन ये. सील असलेली. आन मशीनचं तेल. इथं बठ्ठं अडलंय."

मी एसटीने गेलो. एरंडोल, पारोळा, धुळे. खिशात आठ बेरिंगं कागदात गुंडाळलेली. जिना चढताना तिसऱ्या मजल्यापर्यंत मी दोनदा कठड्याला धरून उभा राहिलो आणि मला चाचांची चार माणसं समजली.

घर लहान पण असं स्वच्छ, की मी बूट काढल्यावर मोजेसुद्धा काढले. पांढऱ्या फरशा चकाकत होत्या. कापसाचा तंतू नाही, धूळ नाही, रस्ता नाही. चाचा भिंतीशी पाटावर बसले होते. कपडे इस्त्रीचे. मिशी काळी! मिशी मुळात काळीच होती, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

"बघतो काय? सुनेने धुतलं," ते म्हणाले. तेवढं बोलून धाप लागली.

मी चाक फिरवलं. अर्धा फेरा फिरून ते करकरत थांबलं. दुसरं फिरलंच नाही. रबरी सीलच्या कडेने तपकिरी पाणी आलं होतं.

"गंज? इथे? चाचा, घरात पाऊस पडतो का?"

त्यांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. सून चहा घेऊन आली होती. हसतमुख पोर, मलाच चाचा म्हणाली. "चाचा, तुम्ही जळगावचे ना? अब्बा रोज तुमचं नाव घेतात. म्हणतात, तुम्ही स्केटिंग करताना पडलात."

चहा ठेवून ती आत गेली. मग मी चाचांच्या हुकमाखाली बेरिंगं बदलली. त्यांचे हात आता थरथरत होते, म्हणून काम माझ्याकडे आणि शिव्या त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली. "उलटं बसवतो का रे? ठोकू नको! लग्नातला नारळ शे का तो?" जुनं एक बेरिंग उघडलं तर आत गंजाशिवाय पांढरट चिकट काही होतं.

"हे काय?"

"खोबरेल," चाचा खाली पाहत म्हणाले. "मशीनचं तेल नव्हतं घरात. गुपचूप डोक्याचं घातलं. थंडीत आत गोठलं. चाक जागेवर बसलं. मी पण."

मला हसू आलं. त्यांनाही. त्यांना हसणं परवडत नव्हतं, तरी हसले.

नवी चाकं बसली. चाचांनी ठोकळ्याने हलकेच ढकल दिली. पाट आवाज न करता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला. परत आला. बस, तेवढीच जागा होती. तरी त्यांचा चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडे पाहिलं.

ते मोरीत जाऊन परत आले. आणि मग सून आतून बादली, ब्रश आणि साबण घेऊन आली. "अब्बा, द्या," ती म्हणाली. माझ्याकडे वळून तिने समजावलं, "मोरीतून, संडासातून चाकं येतात ना, चाचा. आणि इथं फरशीवर नमाज असते. म्हणून प्रत्येक वेळी मी पाट धुऊन पाक करून देते. अब्बांना कधी घाण राहू देत नाही मी."

कलेक्टर आला असता तरी ज्याने "हात नको" म्हटलं असतं, तो माणूस एक शब्द न बोलता पाटावरून हातांवर खाली उतरला आणि भिंतीला टेकून बसला. ओल्या फरशीवर, पाय नसलेला, पाट नसलेला. आत मोरीत पाणी पडत होतं. ती मन लावून घासत होती, प्रत्येक चाक, आतून, बाहेरून. ब्रशचा आवाज येत होता.

मी उठायला लागलो. "मी सांगतो तिला. दोन शब्दांचं काम आहे. ओल्या फडक्याने पुसलं तरी..."

चाचांनी माझा गुडघा धरला. त्या हातात अजून जोर होता.

"सांगू नको."

"अहो, पण पुन्हा गंजतील. या महिन्यातच."

"गंजू दे." धाप लागली, थांबले. "छोटे शेठ, तू सोडून माझ्या पाटाले आजवर कोणी हात लावला नाही. बायकोनेपण नाही. लोक म्हणायचे, बिचारा, आन लांबून पाहायचे. ही पोर संडासातून आलेली चाकं स्वतःच्या हाताने धुते. दिवसातून किती वेळा. तोंड वाकडं नाही. तिले मी काय सांगू? की तू धुते म्हणून मी अडलो?"

मी पुन्हा खाली बसलो.

"नट फार आवळायचा नाही," ते म्हणाले. "तुले सांगितलं होतं ना."

आत ब्रश चालूच होता. चाचांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी उंच होती, बसून तिच्यातून फक्त आभाळ दिसत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले, लहान मूल करतं तसे.

"उचल."

मला आधी कळलं नाही.

"उचल रे. खाली बघू दे."

मी त्यांच्या काखेत हात घातले. मनात तयारी केली होती, पाठ सांभाळायची, पोट आत घ्यायचं. काहीच लागलं नाही. ते इतके हलके होते, की मी जोर जास्त लावला आणि दोघेही खिडकीवर आदळता आदळता राहिलो.

माझ्या खांद्यापाशी त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. "किती भरलो?" त्यांनी विचारलं. "गादी की उशी?"

"उशी," मी म्हणालो.

"उशीच. पण रुई चांगली शे."

खाली समोरच्या गच्चीवर कोणीतरी गादी उन्हात टाकली होती. चाचांनी डोळे बारीक केले. "टाके बघ. कुठला गाढव बसला होता शिवायला? कडेला हात फिरवला नाही साल्याने." मग बराच वेळ ते रस्ता पाहत राहिले. एक रिक्षा गेली, एक बाई केळी घेऊन गेली. "बस," ते म्हणाले. मी त्यांना खाली ठेवलं. सून पाट घेऊन आली. स्वच्छ, चकचकीत, चाकांतून पाणी ठिबकत असलेला.

"शुक्रिया, बेटा," चाचा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला बेरिंगांसाठी फोन केला नाही. मीच करायचो. "चाकं कशी आहेत?" विचारलं की म्हणायचे, "मस्त. सुनेची मेहरबानी." खोटं बोलताना त्यांचा आवाज साफ असायचा.

बातमी आली तेव्हा मी निघालो, पण पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. मुलगा म्हणाला, जिन्यावरून जनाजा खाली नेताना माणसं जास्त होती आणि वजन काहीच नव्हतं, जो तो खांदा द्यायला धडपडत होता. मी मान हलवली.

निघताना सून पाट घेऊन आली. स्वच्छ चादरीत गुंडाळलेला. रडून तिचे डोळे सुजले होते. "चाचा, अब्बा म्हणाले होते, हे तुमच्या मुलीचं आहे, तुम्हाला द्यायचं. सकाळीच मी धुऊन ठेवलाय. अब्बांना घाण चालायची नाही."

मी चादर जराशी बाजूला केली. चारही चाकं लखलखत होती. अंगठ्याने एक ढकलून पाहिलं. मग दुसरं. तिचं माझ्या चेहऱ्याकडे लक्ष होतं.

"छान धुतलाय, बेटा," मी म्हणालो. "फार छान."

एसटीत पाट मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने चादरीखालून डोकावणारी चाकं पाहिली आणि माझ्या पोटाकडे पाहिलं. "काका, या वयात स्केटिंग?"

"एकदा पडलोय," मी म्हणालो. "आता नुसतं धरून बसतो."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, पँटला हे काय?" दोन्ही मांड्यांवर चाकांच्या जागी तपकिरी गोल डाग पडले होते. धुतलेली चाकं वाटभर गळत आली होती, आतला गंज घेऊन. तिने लिंबू लावलं, साबण लावला, रात्रभर भिजत घातली. डाग फिके झाले, पण गेले नाहीत.

"टाकून द्या," ती म्हणाली.

मी ती पँट दुकानात घालतो. तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्याच कपड्यांवर कसला ना कसला डाग असतो. कोणी विचारत नाही.